सी ड्राइव्ह भरलाय, जागा कोण खातंय?

अमळनेर: राम राम मंडळी. लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. सगळं फुटेज डी ड्राइव्हवर, तरी सी लाल! एकेका फोल्डरचे प्रॉपर्टीज बघायला लगीनसराईत वेळ कुठून आणू?

भुसावळ: भाऊ, विझट्री (कोणता फोल्डर किती जागा खातो ते दाखवणारं ॲप) टाका, ॲडमिन म्हणून चालवा. एनटीएफएस (विंडोजची फाइली ठेवायची पद्धत) ड्राइव्हची फाइल टेबल, म्हणजे सगळ्या फाइलींची नोंदवही, थेट वाचतं, म्हणून चटकन यादी येते, सगळ्यात मोठा फोल्डर वर. मला संशय मीडिया कॅशचा, म्हणजे एडिटर स्वतः साठवतो त्या तात्पुरत्या फाइलींचा. त्या सीवरच्या ॲपडेटा फोल्डरात असतील, तो लपलेला असतो, एरवी दिसतच नाही.

धुळे: कॅश एडिटरच्या सेटिंगमधूनच साफ करा. विनएसएक्सएस (विंडोजचा स्वतःचा फोल्डर) कितीही मोठा दिसो, त्यातलं हाताने काही उडवू नका, नाहीतर विंडोज बंद पडेल.

अमळनेर: कॅशच निघाला, ॲपडेटातल्या रोमिंग फोल्डरमध्ये! आता त्याची जागा डीवर दिली. लई उपकार भाऊ.