मदत हवी आहे: डीएक्सस्पायडर नोडवरची स्टेशनची माहिती जोडीदार नोडला दिसत नाही

रास्पबेरी पायवर (छोटा संगणक) डीएक्सस्पायडर चालवतोय, म्हणजे हॅम रेडिओवाल्यांना दूरच्या स्टेशनांची खबर देणाऱ्या नोडचं (सर्व्हरचं) सॉफ्टवेअर; यूझर पोर्ट ७३००. दुसऱ्या एका व्हीयू (भारतीय) नोडशी लिंक व्यवस्थित आहे. दोन्ही बाजूंनी ‘सेट/स्पायडर’ केलंय, स्पॉट (कोणतं स्टेशन कुठे ऐकू आलं याची खबर) आणि अनाउन्समेंट दोन्हीकडे पोचतात. पण आमच्या यूझरचं नाव, क्यूटीएच (ठिकाण) आणि लोकेटर (ठिकाणाचा ग्रिड-कोड, उदा. एमके६८डब्ल्यूएम) तिकडच्या ‘शो/स्टेशन’मध्ये येत नाही. आमच्या नोडवर सगळं बरोबर दिसतं.

‘सेट/डीबग चॅन’ लावून वॉचडीबीजीमध्ये (डीबग लॉग दाखवणारा प्रोग्रॅम) पाहिलं. यूझरने ‘सेट/नेम’ किंवा ‘सेट/क्यूटीएच’ पुन्हा दिलं की पीसी४१ ची ओळ (यूझरची माहिती दुसऱ्या नोडला कळवणारा संदेश) लगेच बाहेर पडते आणि तिकडे तेवढी माहिती भरली जाते. म्हणजे लिंक होण्याआधी ज्यांनी माहिती भरली, त्यांचीच अडकलीय. कॉलसाइनला एसएसआयडी (मागे लागणारा -१, -२ असा आकडा) नाही. नोड रीस्टार्ट करून फरक पडला नाही.

‘एक्सपोर्ट_यूझर्स’ने काढलेली सगळ्या यूझरची अख्खी फाइल तिकडे टाकायची नाहीये, त्यात प्रिव्हिलेज आणि पासवर्डही जातात. यूझरमध्ये बरेच ज्येष्ठ हॅम आहेत, प्रत्येकाला पुन्हा टाइप करायला लावणं जिवावर येतं.

सिसॉपच्या (नोड चालवणाऱ्याच्या) कन्सोलवरून जुन्या नोंदींचे पीसी४१ पुन्हा पाठवता येतात का? ‘स्पूफ’ (दुसऱ्या यूझरच्या नावाने कमांड देणारी कमांड) वापरून एकेका कॉलसाइनच्या नावाने ‘सेट/नेम’ दिलं तर चालेल, की त्यात काही धोका आहे?