मदत हवी आहे: शरीरात सोडलेल्या कार-टी पेशी स्कॅनमध्ये दिसतात का?

नमस्कार मंडळी. बाबा ६३ वर्षांचे, बी-सेल लिम्फोमा. दोनदा केमो होऊनही आजार उलटला, म्हणून महिन्यापूर्वी कार-टी घेतली. त्यांच्याच रक्तातल्या टी पेशी काढून, कर्करोगाच्या पेशींवरची सीडी१९ ही खूण ओळखतील अशा घडवून परत दिल्या. पिशवी तळहातावर मावेल एवढी. ती चढत असताना खोलीभर लसणासारखा वास सुटला होता. पेशी गोठवताना घातलेल्या द्रावणाचा, असं सिस्टरांनी सांगितलं. तेव्हापासून बाबा रोज विचारतात, "पोचल्या का रे माझ्या पेशी?"

परवा तिसाव्या दिवसाचा पेट स्कॅन झाला. पोटातल्या गाठी बऱ्याच विझल्यात, पण डाव्या काखेत नवीन ठिपका उजळलाय. डॉक्टर म्हणाले, आजार असेल किंवा टी पेशींमुळे आलेली सूजही असेल. घरात कोणाचा डोळा लागत नाही. या पेशी नेमक्या कुठे आहेत हे दाखवणारा वेगळा स्कॅन असतो का? इंडियम हा किरणोत्सारी धातू लावून पांढऱ्या पेशी शोधतात असं वाचलं, ते इथे चालेल का? पैशांचं बघू काहीतरी.

प्रतिसाद:
दादा, मी न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये काम करते. पेट स्कॅनला देतात ती किरणोत्सारी साखर. कर्करोगाची पेशी ती ओढून घेते, तशीच कामाला लागलेली टी पेशीही. त्यामुळे नुसत्या ठिपक्यावरून कोण ते ओळखता येत नाही. डॉक्टरांनी खरं तेच सांगितलंय.

इंडियम-१११ पेशी शरीराबाहेर असतानाच लावावं लागतं आणि त्याचं अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सार निम्मा व्हायला लागणारा वेळ, २.८ दिवस. पेट स्कॅनसाठी तशाच लावल्या जाणाऱ्या झिर्कोनियम-८९ चं सुमारे ७८ तास. अशा खुणेने पहिले काही दिवस दिसतात: पेशी आधी फुप्फुसात अडकतात, मग यकृत आणि प्लीहेकडे जातात. तिसाव्या दिवशी झिर्कोनियम पाचशेव्या भागाहूनही कमी उरतं. शिवाय टी पेशी दुभंगत जाते तशी खूण वाटली जाते, आणि पेशी मेली तर ती खूण भक्षक पेशी गिळतात. मग चित्रात दिसतं ते भलत्याच पेशीचं.

यावर उपाय म्हणून पेशीतच एक जनुक घालतात, त्याने तयार होणारं प्रथिन नंतर दिलेलं किरणोत्सारी औषध पकडून ठेवतं, म्हणून पेशी स्कॅनमध्ये दिसतात. पेशी वाढल्या तरी जनुक सोबत जातो. अमेरिकेत २०१७ साली ग्लायोमा या मेंदूच्या गाठीच्या सात रुग्णांत हे करून दाखवलं. पण तो जनुक पेशी घडवतानाच घालावा लागतो, बाबांना आता देता येणार नाही. तेव्हा त्यासाठी धावाधाव करू नका.

काखेतली गाठ सुईच्या टप्प्यात असते. बायोप्सीत लिम्फोमा आहे की नुसत्या टी पेशी, हे थेट कळतं. रक्तातल्या कार-टी पेशी मोजण्याची चाचणीही विचारा. त्या कुठे आहेत ते नाही कळणार, पण टिकून आहेत का ते कळेल. आणि ताप आला तर वाट न बघता लगेच फोन करा.

धागाकर्ता:
ताई, मनापासून आभार. बाबांना वाचून दाखवलं. "म्हणजे दिसल्या नाहीत तरी असू शकतात," म्हणाले आणि आज पोटभर जेवले. बुधवारी भेट आहे, बायोप्सीचं आणि रक्ताच्या चाचणीचं विचारतो. इथेच कळवतो.