एस्टीमला टर्बो: कमी पैशांत टिकाऊ कसा?

नवशिक्या: मारुती एस्टीम, १२९८ सीसी, फक्त ट्रॅकवर पळवायची. सेकंडहँड टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) स्वस्तात मिळतोय. घेऊन टाकू का?

सांगलीकर: थांब रे, टर्बो सगळ्यात शेवटी! आधी कॉम्प्रेशन टेस्ट कर, म्हणजे प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजून बघ. एखादा सिलिंडर मागे पडला तर पैसे तिथेच घाल. इंजिन नॉक झालं, म्हणजे आत इंधन अवेळी भडकून ठोके बसले, की मूळ पिस्टनच्या दोन रिंगांमधली कड तुटते, मग सगळंच उघडावं लागतं. म्हणून बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा जादा दाब, ५-६ पीएसआयच, आणि ती हवा थंड करणारा इंटरकूलर हवाच. ट्यूनिंग आणि वाइडबँड सेन्सरचे (हवा-इंधनाचं प्रमाण दाखवतो तो) पैसे आधी बाजूला काढ. तिथे काटकसर नको, कळकळीने सांगतोय.

नवशिक्या: दादा, टर्बोची ऑइल लाइन कशी ठेवू?

सांगलीकर: परतीचा पाइप जाड, सरळ खाली उतरता. तेल तुंबलं की टर्बोच्या सीलमधून गळून निळा धूर येतो.

डोंबिवली: रस्त्यावर नको हं, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, गाडीत मनाने असे बदल चालत नाहीत.