पिचरला सहाव्या इनिंगमध्ये घरी पाठवणारा बेसबॉल कोणाला आवडतो?

डगआउटचाकोपरा:

न्यूजर्सीत येऊन वीस वर्षं झाली. क्रिकेटची तहान बेसबॉलवर भागवता भागवता त्याच्याच नादी कधी लागलो ते कळलं नाही. तेव्हा ही घरच्या माणसाची कुरकुर समजा.

२७ ऑक्टोबर २०२०. वर्ल्ड सिरीज म्हणजे बेसबॉलची अंतिम मालिका, तिचा सहावा सामना, टॅम्पा बे रेज विरुद्ध लॉस एंजेलिस डॉजर्स. रेजचा पिचर, म्हणजे आपला बॉलर, ब्लेक स्नेल भन्नाट टाकत होता. ७३ चेंडू, हिट फक्त दोन, नऊ जण स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइक खाऊन आउट. डॉजर्सचे पहिले तीन बॅटर म्हणजे बेट्स, सीगर आणि टर्नर. तिघंही दोन-दोनदा आले आणि सहाच्या सहा वेळा स्ट्राइकआउट होऊन परत गेले. रेज १-० पुढे. नऊपैकी सहाव्या इनिंगमध्ये डॉजर्सच्या बार्न्सने एक साधी हिट काय मारली, रेजचा मॅनेजर केविन कॅश स्नेलला काढायला माउंडकडे, पिचरच्या उंचवट्याकडे, चालू लागला. स्नेल काय पुटपुटला ते टीव्हीवर ओठांवरून कळत होतं, इथे लिहिता येणार नाही. नवा पिचर आला, बेट्सने त्याला डबल (दोन बेसचा फटका) ठोकली, मग वाइल्ड पिचवर, म्हणजे भरकटलेल्या चेंडूवर, एक रन, सीगरच्या जमिनीलगतच्या फटक्यावर दुसरी. सामना ३-१, किताब डॉजर्सचा.

माझं म्हणणं असं, की बेसबॉल आणि बास्केटबॉल दोन्हींना एकच रोग जडलाय, लक्षणं तेवढी उलटी. बेसबॉलमध्ये प्रत्येकाच्या वाट्याला एकेकच काम उरलंय, बास्केटबॉलमध्ये सगळ्यांच्या वाट्याला तेच एक काम. साय यंगने कारकिर्दीत ७४९ सामने पहिल्या चेंडूपासून शेवटच्यापर्यंत एकट्याने टाकले. २०२३ च्या अख्ख्या मोसमात मेजर लीगच्या, म्हणजे इथल्या मुख्य बेसबॉल लीगच्या, तीस संघांचे मिळून असे सामने झाले ३५. तिकडे बास्केटबॉलच्या एनबीए लीगमध्ये १९७९-८० ला थ्री, म्हणजे लांबच्या रेषेबाहेरून टाकायचा तीन गुणांचा शॉट, आली तेव्हा एक संघ सामन्यात सरासरी तीनसुद्धा टाकत नव्हता. २०२४-२५ मध्ये ३७ च्या वर. बास्केटखाली खेळणारा सात फुटी सेंटरसुद्धा रेषेबाहेर जाऊन उभा!

बोला.

फिरकीबहाद्दर:

असहमत. स्नेलची गोष्ट सगळे सांगतात, कारण ती फसली. मॅनेजरने वेळेत पिचर बदलला आणि सामना जिंकला, याच्या गोष्टी होत नाहीत. एकाच पिचरला तिसऱ्यांदा तोंड देणारा बॅटर जास्त चांगला खेळतो, हे आकडे वर्षानुवर्षं ओरडून सांगतायत. चेंडू कसा वळतो ते त्याने दोनदा बघितलेलं असतं.

आणि साय यंगचं काय घेऊन बसलात? तेव्हाचे पिचर तळाच्या बॅटरला निवांत टाकायचे, जोर अडीअडचणीसाठी राखून ठेवायचे. आज नवव्या नंबरचा बॅटरही होमरन मारतो, त्यामुळे प्रत्येक चेंडू जीव ओतून टाकावा लागतो. असे नव्वद चेंडू टाकल्यावर माणूस थकणारच.

डगआउटचाकोपरा:

फिरकीबहाद्दर, मग या हिशोबाने पिचरांची कोपरं तरी शाबूत राहायला हवी होती ना? मेजर लीगनेच डिसेंबर २०२४ मध्ये पिचरांच्या दुखापतींवर अहवाल काढला आणि खापर फोडलं ते वेगाच्या हव्यासावर आणि दर चेंडूला सगळा जोर लावण्यावर. आपल्याला फक्त पाच इनिंग टाकायच्यात हे माहीत असलं की पिचर जोर राखून ठेवेलच कशाला? म्हणजे जे औषध म्हणून दिलं त्यानेच दुखणं वाढलं.

मटारचीपिशवी:

मी एरवी इथे फक्त वाचते. पण कोपराचा विषय निघाला म्हणून लिहिते.

मुलगा अकरा वर्षांचा. लिटल लीगमध्ये, म्हणजे मुलांच्या बेसबॉलमध्ये, या वयाला दिवसाला ८५ चेंडूंची मर्यादा आहे, वर विश्रांतीचे दिवस ठरलेले. नियम चांगला. पण तो शनिवार-रविवारी दुसऱ्या एका संघातूनही खेळायचा, आणि तिथले चेंडू इथल्या वहीत कोणी लिहीत नव्हतं. त्या कोचने सांगितलं, पोहणं बंद, बास्केटबॉल बंद, याचा हात देवाने दिलाय, याने फक्त पिच करायचं. आम्ही पण हुरळलो, खोटं कशाला बोलू. मे महिन्यात एके संध्याकाळी पोराला डाव्या हाताने वरणभात खाताना बघितलं. उजवा कोपर टेबलाखाली, त्यावर फ्रीजरमधली मटारची पिशवी. आठवडाभर लपवत होता. डॉक्टरांनी तीन महिने बॉलला हात लावू नको म्हणून सांगितलं.

पेंटमधला:

ताई, वाचून वाईट वाटलं. पोराला सांभाळा.

आता धागाकर्त्याला. बेसबॉलचं तुम्ही बघा, पण बास्केटबॉलच्या नावाने बोटं मोडू नका. नियम बदलला नसता तर हा खेळ मेलाच असता. २२ नोव्हेंबर १९५०: फोर्ट वेन पिस्टन्स १९, मिनियापोलिस लेकर्स १८. हा हाफ टाइमचा स्कोअर नाही, संपलेल्या सामन्याचा आहे! लेकर्सकडे जॉर्ज मायकन नावाचा धिप्पाड सेंटर होता, त्याच्या हाती बॉल पडायला नको म्हणून पिस्टन्स बॉल धरून उभे राहिले. लोकांनी तिकीट काढून हे बघितलं. लेकर्सच्या १८ पैकी १५ एकट्या मायकनचे, त्यामुळे धागाकर्ते ज्याला एकाच कामाचा माणूस म्हणतात तो तेव्हाही होताच.

मग १९५४ ला २४ सेकंदांचं घड्याळ आलं: बॉल हाती आला की तेवढ्या वेळात शॉट टाकायचाच. सिरॅक्यूजचे मालक डॅनी बियासोने यांचा हिशोब किराणा दुकानात बसून करावा इतका सोपा: ४८ मिनिटांचे २८८० सेकंद, चांगल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून साधारण १२० शॉट, भागा. आणि सेंटर मेला म्हणता, तर निकोला योकिच कोण आहे? तो सेंटर आहे आणि बॉल खेळवणाऱ्या गार्डला लाजवतील असे पास देतो. मायकनला हे करायला कोणी सांगितलंच नव्हतं.

डगआउटचाकोपरा:

घड्याळाबद्दल शंभर टक्के मान्य, त्यावर वाद नाही. पण योकिच एखादाच. बाकीच्यांचं बघा. २०१८ ला ह्यूस्टन रॉकेट्स फायनलपासून एक सामना दूर होते. गोल्डन स्टेटविरुद्ध सातव्या सामन्यात सलग २७ थ्री चुकले. सलग! सत्ताविसावी चुकल्यावरही कोणाला वाटलं नाही की दोन पावलं आत जाऊन टाकून बघू. कारण हिशोब सांगतो, टाकत राहा. कोपऱ्यात रेषा २२ फुटांवर, समोर पावणेचोवीस, म्हणून प्रत्येक संघ एखाद्याला कोपऱ्यात खांबासारखा रोवून ठेवतो. तो दमत नाही, घामेजत नाही, बॉलची वाट बघतो.

तिसराअंपायर:

एकेका कामाचा माणूस म्हटल्यावर आयपीएलचा इम्पॅक्ट प्लेयर, म्हणजे सामन्यात मधेच उतरवायचा बदली खेळाडू, आठवला. बेसबॉलने हे १९७३ लाच केलं होतं: मेजर लीगचे दोन भाग, त्यातल्या अमेरिकन लीगमध्ये पिचरऐवजी बॅटिंगला वेगळाच माणूस. दुसरा भाग नॅशनल लीग, ती अडून बसली होती, तीही २०२२ पासून कायमची गळाली. रोहित शर्मा २०२४ मध्ये जे बोलला, की या नियमाने ऑलराउंडर मागे पडतील, दुबेला बॉलिंगच मिळत नाही, तेच इथे पन्नास वर्षं चाललंय.

माझी एक खास आठवण. ७ मे २०१६, न्यूयॉर्क मेट्सचा पिचर बार्टोलो कोलोन, वय ४२, पोट सुटलेलं, बॅटिंग म्हणजे आपला अकरा नंबर. सॅन डिएगोत त्याने कारकिर्दीतली पहिली होमरन मारली. बेसेसना चक्कर मारायला त्याने इतका वेळ घेतला की कॉमेंटेटरचा घसा बसला असेल. आता नियमाने हे होणारच नाही. शोहेई ओतानी पिचिंग आणि बॅटिंग दोन्ही करतो म्हणाल, पण पिचिंग संपल्यावर त्याची बॅटिंग जाऊ नये म्हणून २०२२ ला नियमच वाकवावा लागला.

फिरकीबहाद्दर:

कोलोनच्या एका होमरनसाठी बाकीच्या पिचरांचे हजारो केविलवाणे स्ट्राइकआउट बघायचे? नको रे बाबा. डेव्हिड ऑर्टिझसारख्या बहुतेक फक्त बॅटिंग करणाऱ्याची कारकीर्द याच नियमामुळे फुलली.

आणि २०२३ चं पिच क्लॉक का विसरताय सगळे? बेस रिकामे असतील तर १५ सेकंदांत टाका. सरासरी सामना तीन तास चार मिनिटांवरून दोन तास चाळीसवर आला. बेस मोठे केले, बेसच्या चोऱ्या, म्हणजे फटका नसतानाच पळून पुढचा बेस गाठणं, हजाराने वाढल्या. नियमाने बिघडवलं म्हणता, तर नियमानेच सुधारलंही.

डगआउटचाकोपरा:

क्लॉकला माझा विरोध नाही. पूर्वी पोरांना घेऊन गेलो की सातव्या इनिंगला उठून यावं लागायचं. पण त्याच वर्षी सराव सामन्यात काय झालं बघा: ब्रेव्ह्ज विरुद्ध रेड सॉक्स, ६-६, नववी इनिंग, बेस भरलेले, दोन आउट, फुल काउंट, म्हणजे बॅटरला आणखी एक स्ट्राइक परवडणार नाही. आणि बॅटर वेळेत तयार नव्हता म्हणून अंपायरने त्याला आउट दिलं. सामना बरोबरीत संपला, प्रेक्षक हुर्यो उडवत होते. घड्याळ आउट काढणार असेल तर पिचरने करायचं काय?

फिरकीबहाद्दर:

फेब्रुवारीतला सराव सामना होता तो! खरा मोसम सुरू झाल्यावर महिन्याभरात सगळे सरावले. बाकी, मटारचीपिशवी, मुलगा कसा आहे आता?

मटारचीपिशवी:

बरा आहे, धन्यवाद. कोपर दुखत नाही. वसंतात एकाच संघातून शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला फील्डर) खेळणार आहे, पिचिंगचं नाव नाही. हिवाळ्यासाठी हौसेने बास्केटबॉलला घातलाय. काल पहिल्या दिवसाहून आला तेव्हा विचारलं, कोचने काय शिकवलं? म्हणाला, "कोपऱ्यात उभा राहा, बॉल आला की थ्री टाक, बाकी काही करू नकोस."