रॉजर कॉनरचे १३८ होम रन: बेसबॉलने त्याची उपेक्षा केली का?

सांजवारा (धागाकर्ती)

बेसबॉलचा दिग्गज फटकेबाज बेब रूथ याच्या आधी कारकिर्दीत सर्वाधिक होम रन (एका फटक्यावर मैदानातले चारही थांबे, म्हणजे बेस, फिरून काढलेली धाव) कुणाचे होते, असं विचारलं तर बेसबॉल आवडीने बघणारेही अडखळतात. उत्तर आहे रॉजर कॉनर. जन्म १८५७, कनेटिकटमधल्या वॉटरबरी गावी, आयरिश स्थलांतरितांच्या घरात. सहा फूट तीन इंच उंचीचा हा डावखुरा १८८० ते १८९७ मोठ्या लीगमध्ये (अमेरिकेतल्या सर्वोच्च स्तरावर) खेळला आणि १३८ होम रन करून थांबला. रूथने तो आकडा जुलै १९२१ मध्ये ओलांडला. कॉनर तेव्हा हयात होता. पण विक्रम मोडल्याचा गाजावाजा होणार कसा? जुन्या खेळाडूंच्या कारकिर्दीची बेरीजच कुणी नीट मांडली नव्हती.

१९७४ मध्ये हँक आरनने रूथला मागे टाकलं, तेव्हा कुठे लोक विचारू लागले की रूथने कुणाला मागे टाकलं होतं. थोर खेळाडूंचा गौरव करणाऱ्या हॉल ऑफ फेमची पहिली निवड १९३६ ची, कॉनरचा नंबर लागला १९७६ ला! तो १९३१ मध्येच गेला होता. त्याच्या कबरीवर २००१ पर्यंत साधा दगड नव्हता. शेवटी वॉटरबरीच्या लोकांनी पैसे जमवून बसवला. एवढ्या मोठ्या खेळाडूच्या वाट्याला हे यावं याचा मला मनापासून राग येतो.

कट्ट्यावरचा

राग समजतो, पण 'रूथच्या आधीचा होम रनचा राजा' हे बिरुद मला पटत नाही. १८ हंगामांत १३८, म्हणजे हंगामाला आठसुद्धा नाहीत. नॅशनल लीगमध्ये एकाही वर्षी तो होम रनमध्ये पहिला आला नाही. शिवाय १८८६ पर्यंत बॅटरला चेंडू उंच हवा की खाली, हे पिचरकडे (चेंडू फेकणाऱ्याकडे) मागता यायचं. अशा नियमांतले आकडे रूथच्या शेजारी कसे ठेवायचे?

त्याची खरी ताकद ट्रिपलमध्ये आहे. एका फटक्यात तिसऱ्या बेसपर्यंत पोचणं, असं २३३ वेळा. सर्वकालीन यादीत आजही तो पाचवा आहे. शंभर किलोच्या माणसाने एवढं पळावं, याचं कौतुक करा ना!

सांजवारा

कट्ट्यावरचा, चेंडू कसा होता तेही बघा. मऊ, आणि डावामागून डाव तोच वापरलेला. आपण क्रिकेटमधल्या उघड्या खेळपट्ट्यांवरच्या धावांना आजच्या मापाने मोजतो का?

आणि त्याच्या फटक्यांचं मोल तेव्हाच्या प्रेक्षकांना पुरेपूर कळत होतं. सप्टेंबर १८८१, कॉनरचा ट्रॉय संघ विरुद्ध वूस्टर. शेवटचा डाव, दोन बाद, तीन धावांनी मागे, तिन्ही बेसवर माणसं. कॉनरने होम रन मारून सामना जिंकून दिला. मोठ्या लीगमधला पहिला ग्रँड स्लॅम (तिन्ही बेस भरलेले असताना मारलेला होम रन) तो हाच. १८८६ मध्ये न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर पिचर रॅडबर्नचा चेंडू त्याने उजवीकडच्या कुंपणावरून थेट ११२ व्या रस्त्यावर धाडला. शेअर बाजारातल्या मंडळींनी तिथल्या तिथे वर्गणी काढून ५०० डॉलरचं सोन्याचं घड्याळ दिलं!

नदीकाठ

कबरीच्या दगडावरून अख्ख्या म्हातारपणाला शोकांतिका ठरवू नका. मोठी लीग सुटल्यावर कॉनरने गावचाच संघ विकत घेतला. मालकही तोच, मॅनेजरही तोच, आणि चाळिशी उलटल्यावर डोळ्यांना चष्मा लावून मैदानातही तोच. नंतर स्प्रिंगफील्डचा संघ चालवला. पुढे वॉटरबरीच्या शाळाखात्यात इमारतींच्या देखभालीवर निरीक्षक म्हणून कित्येक वर्षं नोकरी केली. पहिली मुलगी तान्ही असतानाच गेली होती. त्या पतिपत्नींनी नंतर सिसिलियाला दत्तक घेऊन वाढवलं. आपल्या गावात, आपल्या माणसांत कष्टाने जगलेलं आयुष्य आहे हे. त्याला 'बिचारा' म्हणणं मला अजिबात रुचत नाही.

आणि १८९० चा विषय कुणीच कसा काढला नाही? संघमालक राखीव कलमाच्या जोरावर खेळाडूला जन्मभर बांधून ठेवायचे. जॉन मॉन्टगोमेरी वॉर्डच्या पुढाकाराने खेळाडूंनी स्वतःची प्लेयर्स लीग काढली आणि न्यूयॉर्क जायंट्सचा हा आधारस्तंभ बिनधास्त तिकडे गेला. लीग एका हंगामात बुडाली, पण जमलेलं बस्तान पणाला लावायला छाती लागते. मला कॉनर मोठा वाटतो तो यासाठी.

सांजवारा

नदीकाठ, 'बिचारा' मी म्हटलेलं नाही. माझा रोख खेळाच्या कारभाऱ्यांवर आहे. बाकी १८९० बद्दल शंभर टक्के सहमत, आणि त्या लीगमध्ये सर्वाधिक होम रनही त्याचेच होते.

कट्ट्यावरचा, उंच-खाली मागायची सवलत १८८७ ला गेली. त्याच वर्षी कॉनरने कारकिर्दीतले सर्वाधिक १७ होम रन मारले. आता बोला.

कट्ट्यावरचा

बोलतो की. १८८७ मध्ये, आणि फक्त त्याच वर्षी, बॅटरला स्ट्राइकआउट (स्ट्राइक, म्हणजे हुकवलेले किंवा सोडलेले योग्य चेंडू, मोजून बाद) करायला तीनऐवजी चार स्ट्राइक लागत होते. तेही हिशेबात धरा.