वर्गाच्या ग्रुपवरचं स्टिकर: दोष करणाऱ्याचा की हसणाऱ्यांचा?

तिरपागडा (धागाकर्ता):
सेमिनारमध्ये बोलताना आमच्या वर्गातल्या एकीचा फोटो कुणीतरी गुपचूप काढला. तोंड अर्धवट उघडं, डोळे मिटलेले. दहा मिनिटांत त्याचं स्टिकर होऊन ग्रुपवर फिरायला लागलं. हसून लोळणारा चेहरा मीही टाकला. त्यानंतर ती तासाला एकदाही प्रश्न विचारायला उठलेली नाही. स्टिकर करणारा एरवी इतका भिडस्त की सरांशी बोलताना त-त-प-प होतं. म्हणून म्हणतो, स्वभाव-बिभाव नंतर, आधी टोळकं. पन्नासातल्या एकानेही ‘काढ रे ते’ म्हटलं असतं तर?

खडूस:
फोन तर पन्नासही जणांच्या हातात होता. स्टिकर एकानेच का केलं? गॉटफ्रेडसन आणि हिर्शी या गुन्हेगारीशास्त्रज्ञांनी १९९० मध्येच मांडलंय: ज्याचा आत्मसंयम कमी, त्याला आत्ताची मजा दिसते, उद्याचं दिसत नाही. बोट आवरलं नाही, विषय संपला.

उंटावरून:
दोघेही चुकताय. फोनचा पडदा हे खरं कारण. जॉन सुलर या मानसशास्त्रज्ञाने २००४ मध्ये लिहिलं होतं की ऑनलाइन गेलं की माणसाचा आतला ब्रेक सैल होतो. खऱ्या नावाची सक्ती करा, निम्मी वळवळ थांबेल.

तिरपागडा:
दक्षिण कोरियाने केली होती की, २००७ मध्ये, मोठ्या संकेतस्थळांवर. २०१२ मध्ये तिथल्या संविधान न्यायालयाने ती रद्द केली. बेकायदा मजकूर त्याने कमी झाल्याचं दिसलं नाही, हेही एक कारण होतं. आणि आमच्या ग्रुपवर तर प्रत्येकाचं नाव-नंबर उघडं होतं! पण सुलर नुसत्या निनावीपणाबद्दल बोलत नाहीत. समोरच्याचा चेहरा दिसत नाही, हाही त्यांचा मुद्दा आहे, आणि तो मला मान्य. तिचा पडलेला चेहरा तेव्हा कुणीच पाहिला नाही.

खडूस:
सायक्स आणि मात्झा या समाजशास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये बालगुन्हेगारांच्या सबबी मांडल्या होत्या. ‘कुणाचं काय बिघडलं?’, ‘तिची तीच लायकी होती’, वगैरे. पहिलीच सबब ‘माझ्या हातात नव्हतं’. तुझं टोळकं-पुराण त्याच खात्यात जातं. तू त्याची वकिली करतोयस की स्वतःची?

तिरपागडा:
झोंबलं. थोडी स्वतःचीही असेल.

बिनकाचेचा आरसा:
मी अशीच एकदा स्टिकर झालेली आहे. करणारा नंतर येऊन माफी मागून गेला, ओशाळून का होईना. हसणाऱ्यांपैकी कुणीच आलं नाही, कारण आपण काही केलंय असं त्यांना वाटलंच नव्हतं. एक जण तर आठवड्याने माझ्याकडे नोट्स मागत होता.

तिरपागडा:
कालपासून तिला मेसेज लिहितोय. तीनदा खोडला.

खडूस:
फोन ठेव खाली. उद्या तासाआधी समोर जाऊन बोल.