गोडॉट गेम इंजिन: लेबल समोर दिसतंय तरी नोड (गेमचा घटक) सापडत नाही, मदत हवी आहे

चिंचगूळ: नमस्कार मंडळी. प्लॅटफॉर्मर, म्हणजे उड्या मारत पुढे जायचा गेम करतोय. नाणं उचललं की गुण वाढायला हवेत, तर गेम तिथेच थांबतो. नलवर, म्हणजे नसलेल्या वस्तूवर, 'टेक्स्ट' सेट करता येत नाही म्हणे. ओळ साधी आहे, $गुणलेबल.टेक्स्ट. लेबल ट्रीमध्ये, म्हणजे नोडच्या उतरंडीत, डोळ्यांसमोर आहे, नाव तीनदा ताडून पाहिलं. उद्या सकाळी कॉलेजात दाखवायचाय, लवकर सांगा.

रात्रपाळी: आवृत्ती कोणती? लेबल कोणाखाली, स्क्रिप्ट कोणावर? एवढ्यावरून कोण काय सांगणार?

चिंचगूळ: ४.३. लेबल गेममॅनेजरखाली, स्क्रिप्टही गेममॅनेजरवरच. म्हणून तर कळत नाहीये.

काजूबी: @ऑनरेडी (नोड तयार झाल्यावरच शोध, अशी खूण) लावलंय का? ते नसेल तर मुलं, म्हणजे खालचे नोड, ट्रीत यायच्या आधीच शोध होतो आणि हाती नल येतं. माझा अख्खा शनिवार यात गेला होता.

चिंचगूळ: लावलंय. फरक नाही.

सह्यकडा: पाथची, म्हणजे $ ने नोडचा पत्ता लिहिण्याची, भानगडच नको. लेबलवर राइट क्लिक, 'ॲक्सेस ॲज युनिक नेम', मग %गुणलेबल. मी $ कधीच सोडलं. लेबल उद्या कंटेनरमध्ये हलवलं तरी सापडतं.

रात्रपाळी: % त्याच सीनपुरतं, म्हणजे नोडच्या त्याच संचापुरतं चालतं. आणि लेबल थेट खालीच आहे, तर पाथ चुकेल कसा? आधी दुखणं कळू द्या, मग औषध.

सह्यकडा: पाथ लिहिणं वाईटच, यावर मी ठाम आहे.

मोडीवाचक: विषय निघालाच आहे तर विचारतो, लेबलमध्ये जोडाक्षरं नीट येतात का? माझ्याकडे 'क्षेत्र' तुटतं.

काजूबी: गोडॉट ४ मध्ये येतात. मुक्ता फॉन्ट टाकून बघा.

रात्रपाळी: चिंचगूळ, नाण्याच्या स्क्रिप्टमधली ओळ टाका. आणि गेम सुरू होतानाच डीबगरमध्ये (चुका दाखवणाऱ्या खिडकीत) लाल काही येतं का?

चिंचगूळ: येतं, पण गेम चालू राहतो म्हणून लक्ष दिलं नाही. 'नोड नॉट फाउंड: गुणलेबल', पुढे /रूट/गेममॅनेजर. नाण्यात गेममॅनेजर.गुण_वाढव() आहे. कुठूनही हाक मारता यावी म्हणून ऑटोलोड, म्हणजे गेम सुरू होताच आपोआप चढणारं, केलंय ना.

रात्रपाळी: अहो, हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं! तो पाथ वाचा. सीनमधला नोड असता तर मध्ये सीनच्या मुख्य नोडचं नावही आलं असतं. तुमच्याकडे दोन गेममॅनेजर आहेत. ऑटोलोडला नुसती .जीडी, म्हणजे स्क्रिप्टची फाइल दिली की गोडॉट रूटखाली एक कोरा नोड बनवून त्यावर ती स्क्रिप्ट चढवतो, तोही मुख्य सीन यायच्या आधी. त्याला मूलबाळ नाही, लेबल कुठून मिळणार? नाणं हाक मारतं ती त्यालाच.

ऑटोलोडमध्ये फक्त गुण ठेवा आणि ते बदलले की सिग्नल (बदल झाल्याची सूचना) सोडा. लेबलला स्वतःची चार ओळींची स्क्रिप्ट द्या, ती _रेडी मध्ये (नोड तयार होताच चालणाऱ्या फंक्शनमध्ये) सिग्नल जोडून घेईल. सीनमधल्या गेममॅनेजरवरून स्क्रिप्ट काढा.

सह्यकडा: किंवा लेबलसकट .टीएससीएन, म्हणजे सीनची फाइल ऑटोलोड करा, एका मिनिटाचं काम.

रात्रपाळी: मग मेनूवरही गुण दिसत राहतील.

चिंचगूळ: चाललं! खूप आभार. फक्त मेल्यावर लेव्हल पुन्हा सुरू केली की गुण जुनेच राहतात. हे कशामुळे?

रात्रपाळी: सीन बदलला तरी ऑटोलोड तसाच राहतो. लेव्हलच्या _रेडी मध्ये गुण शून्य करा आणि सिग्नलही सोडा.

मोडीवाचक: मुक्ता टाकला, 'क्षेत्र' अजून तुटतंय.

काजूबी: आवृत्ती?

मोडीवाचक: ३.५.